लेझीम हातात घेण्याआधी

एप्रिल जवळ आला की आमच्या गोरेगावच्या बौद्धवाड्यात माळ्यावरच्या लेझमा खाली निघतात. वर्षभरात साखळीला गंज चढलेला असतो, चकत्या एकमेकींत अडकलेल्या असतात. पोरी तेलाचा बोळा घेऊन साखळ्या पुसतात, ढिल्या झालेल्या कड्या पकडीने आवळतात, दांडीला नवा निळा रंग देतात. नीट न पाहिलेली लेझीम ऐन मिरवणुकीत तुटते, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. परंतु जिच्या हातात ती लेझीम असते तिचे घोटे, गुडघे आणि कंबर यांचंही असंच तेलपाणी करावं, हे कुणाच्या मनात येत नाही. वर्षभर न नाचलेले पाय 14 एप्रिलला थेट मिरवणुकीत उतरतात आणि चार-चार तास नाचतात. 15 तारखेला वाड्यातून फेरी मारली की दर दोन घरांआड कुणी तरी पाय शेकत बसलेलं दिसतं.

या साप्ताहिकाच्या पानांवर शिष्यवृत्ती, आरक्षण, अत्याचाराचे खटले, भूमिहीनांचे प्रश्न असे मोठे विषय येतात. त्यात घोट्याची लचक कसली घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. त्यांना मी आमच्या गल्लीतल्या एका मुलीची हकीकत सांगते.

ही मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. पोलीस भरतीची तयारी करत होती. भरतीत मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. मैदानी परीक्षेचे 50 गुण असतात आणि त्यात निम्मे मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेचं दार उघडतच नाही. रोज पहाटे पाचला ती रस्त्यावर धावायला निघायची. बाप ऊसतोडीला, माय हळदीच्या कामाला. घरातलं सगळं गणित तिच्या त्या 800 मीटरवर मांडलेलं होतं.

जयंतीच्या रात्री ती मिरवणुकीत नाचली. जयंतीला नाचायचं नाही तर कधी नाचायचं? अंगावर नवा ड्रेस होता आणि पायांत त्याच दिवशी घातलेले उंच टाचेचे, गुळगुळीत तळाचे सँडल होते. सिमेंटच्या रस्त्याच्या कडेला, जिथे काँक्रीट संपून नालीकडे उतार होतो, तिथे तिचा उजवा पाय आतल्या बाजूला दुमडला. सगळा भार घोट्याच्या बाहेरच्या अंगावर आला. कट्‌ असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला, इतका तो मोठा होता.

पुढचं आपल्या गावागावांत जे होतं तेच झालं. एका म्हाताऱ्या मावशीने कढत तेल लावून पाय रगडला. दुसऱ्या दिवशी एका पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय तिच्या घोट्याला लावला. तिसऱ्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला. चौथ्या दिवशी हिंगोलीला नेऊन एक्स-रे काढला, तेव्हा बाहेरच्या हाडाला चीर आणि लिगामेंट फाटलेलं निघालं. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा. सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं आणि मैदानी परीक्षा पाचव्या आठवड्यात होती.

ती रडली नाही. बाप मात्र ओट्यावर बसून म्हणाला, "पोरी रस्त्यावर नाचायल्या म्हणून हे झालं. पुढल्या साली एकीनंबी लेझीम हातात घ्यायची नाही." दोन-चार शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. मला खरी भीती वाटली ती इथे. हाड सहा आठवड्यांत जुळतं. पण मुलींच्या हातातली लेझीम एकदा सुटली की ती परत यायला पिढी जाते. आमच्या आईच्या वयाच्या बाया जयंतीला उंबऱ्यात उभं राहून मिरवणूक बघत. मुली रांगेत आल्या त्या कितीतरी वर्षांच्या खटपटीने. त्यांना घरी बसवायला एक मोडलेला घोटा पुरेसा ठरणार असेल, तर तो घोटा आपल्या सर्वांचा विषय आहे.

मी त्या बापाला म्हणाले, "भाऊ, नाचण्यानं पाय मोडला नाही. चुकीच्या सँडलनं आणि अंग न मोकळं करता नाचण्यानं मोडला. धावायला निघताना ती आधी हात-पाय मोकळे करते का नाही? बूट घालते का नाही? मग नाचायला तसं का नको?" त्यांनी उत्तर दिलं नाही, पण मुद्दा त्यांच्या डोक्यात राहिला. त्या वर्षापासून वाड्यातल्या मुलींचा सराव मी बघते. त्या मुलीवर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडून जे समजून घेतलं आणि पुढे सरावात जे पाहिलं, ते सर्व भगिनींसाठी इथे मांडते.

सुरुवातीला सगळ्यांची एकच तक्रार असते. "ताई, आम्ही दिवसभर राबतो. आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" एप्रिलच्या सुमारास आमच्याकडे हळदीची कामं चालू असतात. काढणी, मोडणी, शिजवणी, वाळवणी. बाई सकाळपासून उकिडवी बसून किंवा कमरेत वाकून असते. ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या बायांनी तर सहा-सहा महिने वाकून कोयता चालवलेला असतो आणि डोक्यावर मोळ्या वाहिलेल्या असतात. हे शरीर काटक असतं यात शंका नाही. पण ते एकाच ठेवणीत राबलेलं असतं. मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या, पाठ दगडासारखी, खांदे पुढे आलेले. अशी बाई संध्याकाळी लेझीम घेऊन उभी राहते आणि पहिल्याच पवित्र्याला झटक्याने खाली वाकते. तिथेच कंबरेत उसण भरते. राबणाऱ्या बाईला अंग मोकळं करण्याची गरज शहरातल्या बसून काम करणाऱ्या बाईपेक्षा कमी नाही, उलट जास्त आहे.

दुसरी शंका अशी की, एप्रिलच्या उन्हात अंग तापलेलंच असतं, मग ते आणखी गरम काय करायचं? मराठवाड्यात त्या दिवसांत पारा 40 अंशांवर जातो हे खरं. पण उन्हाने तापते ती कातडी. स्नायूंना रक्ताचा जास्तीचा पुरवठा हवा असतो, सांध्यांत जे वंगणासारखं पाणी असतं ते सगळीकडे फिरायला हवं असतं. ते उन्हात उभं राहून होत नाही, हालचालीनेच होतं. थंड पडलेलं इंजिन उन्हात ठेवलं म्हणून चालू होत नाही, तसंच हे आहे.

म्हणून आमच्या सरावात पहिली 10 ते 15 मिनिटं लेझीम भिंतीला टेकवून ठेवलेली असते. आधी जागच्या जागी चालणं, मग हळू धावणं, श्वास थोडा वाढेपर्यंत. त्यानंतर वरून खाली एकेक सांधा: मान सावकाश डावी-उजवीकडे, खांदे गोल, कंबर गोल, गुडघे गोल, घोटे गोल. मग मैत्रिणीच्या खांद्याचा आधार घेऊन एकेक पाय पुढे-मागे आणि आडवा झुलवायचा, प्रत्येकी 10 वेळा. अर्धं खाली बसून उठायचं, तेही 10 वेळा. मग लेझीम हातात घ्यायची, पण पहिली पाच मिनिटं चार आवाज अर्ध्या गतीने. हलगी वाजवणाऱ्या दादांनाही सांगून ठेवलं आहे की पहिली पाच मिनिटं त्यांचा हातसुद्धा सावकाश चालला पाहिजे. तेही हसतात आणि म्हणतात, "मपल्या मनगटालाबी बरंच आहे की!"

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आमच्या शाळेच्या काळी पी.टी.च्या तासाला आधी ताणाचे व्यायाम घेत, म्हणजे पायाचे अंगठे धरून बराच वेळ वाकून राहायचं. आता शरीरशास्त्राच्या जाणकारांचं मत असं आहे की थंड अंगावर फार वेळ धरून ठेवलेल्या ताणाने स्नायूचा जोर तेवढ्यापुरता कमी होतो. म्हणून नाचण्याआधी हालचालीचे व्यायाम घ्यावेत आणि धरून ठेवण्याचे ताण नाचून झाल्यावर घ्यावेत. सराव संपला की आम्ही एकदम खाली बसत नाही. पाच मिनिटं चालतो. मग भिंतीला हात लावून, एक पाय मागे नेऊन, टाच जमिनीवर दाबून पोटरी ताणतो. खाली बसून पाय लांब करून मांडीच्या मागची शीर ताणतो. उभं राहून पाऊल मागे धरून मांडीची पुढची बाजू ताणतो. प्रत्येक ताण 20 ते 30 सेकंद, हिसके न देता, श्वास चालू ठेवून. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये.

घोटा मजबूत करण्याचा एक उपाय तर फुकटचा आहे. सकाळी दात घासताना एका पायावर उभं राहायचं. अर्धं मिनिट उजवा, अर्धं मिनिट डावा. ज्याचा तोल जातो त्याने भिंतीला बोट लावावं. त्याच्या जोडीला टाचा उचलून चवड्यावर उभं राहायचं आणि सावकाश खाली यायचं, 15 वेळा. पाऊल वाकडं पडायला लागलं की घोट्याभोवतीचे स्नायू क्षणात त्याला सावरतात. ही सवय शरीराला अशा तोल सांभाळण्यातून लागते. फेब्रुवारीपासून हे चालू केलं तर एप्रिलपर्यंत पाय तयार होतात. जयंतीच्या आदल्या आठवड्यात सुरू करून फारसा उपयोग नाही.

आता पादत्राणांविषयी. आपल्या समाजात हा विषय केवळ सोयीचा कधीच नव्हता. आमच्या आज्या सांगत की या भागातल्या कित्येक गावांत आपल्या माणसाने गावातून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या, असा दंडक होता. त्या वहाणांसाठी मेलेलं जनावर ओढायचं आपल्याच माणसांनी, कातडं कमवायचं ढोराने, वहाण शिवायची चांभाराने, आणि ती घालून मिरवायचं मात्र दुसऱ्याने. ज्यांनी साऱ्या गावाच्या पायांचा बंदोबस्त केला त्यांचेच पाय काट्यात राहिले. म्हणूनच गावोगावी बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला तो अंगात कोट आणि पायांत बूट असलेला. त्या बुटांकडे बघून आपल्या बापजाद्यांना काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

असं असूनही जयंतीच्या मिरवणुकीत आपले कितीतरी लोक अनवाणी नाचतात. कुणाला वाटतं की बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे वहाण घालून कसं नाचायचं. कुणाची स्लिपर पहिल्या दहा मिनिटांत अंगठ्यातून तुटते आणि मग तो तसाच नाचतो. अशा बंधू-भगिनींना विनयपिटकाच्या महावग्गातली सोण कोळिविसाची कथा सांगावीशी वाटते.

सोण हा चंपा नगरीतल्या एका मोठ्या श्रीमंत घराण्याचा मुलगा होता. इतका सुकुमार की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते, आणि ते बघायला राजा बिंबिसाराने त्याला बोलावून घेतलं होतं. पुढे त्याने प्रव्रज्या घेतली. भिक्खू झाल्यावर त्याने चंक्रमण, म्हणजे चालत-चालत ध्यान करण्याचा इतका आटापिटा केला की त्याचे पाय फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने माखली. एवढं करूनही मन मुक्त होत नाही म्हणून तो निराश झाला आणि घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागत त्याच्याकडे आले. सोण पूर्वी उत्तम वीणा वाजवत असे. तथागतांनी त्याला विचारलं की वीणेच्या तारा फार ताणलेल्या असल्या तर ती वाजते का, आणि फार ढिल्या असल्या तर वाजते का? दोन्ही वेळा सोण नाही म्हणाला. तसाच प्रयत्नही समतोल असावा, असा उपदेश त्याला मिळाला. त्या उपदेशाप्रमाणे साधना करून सोण अर्हत झाला.

कथेचा पुढचा भाग आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. तथागतांनी सोणाचे नाजूक पाय ध्यानात घेऊन त्याला एकपदरी तळाची वहाण वापरायची मुभा दिली. तेव्हा सोण म्हणाला की, मी एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता वहाणेत अडकलो असं लोक म्हणतील. सर्व संघाला परवानगी मिळाली तर मीही घालीन. मग तथागतांनी संपूर्ण भिक्खुसंघाला एकपदरी वहाणांची परवानगी दिली. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी एका माणसाच्या रक्ताळलेल्या पायांवरून सर्वांच्या पायांसाठी नियम झाला. पाय फोडून घेण्याने श्रद्धा सिद्ध होत नाही, हे ज्या धम्मात इतक्या स्पष्टपणे सांगितलं आहे, त्या धम्माच्या अनुयायांनी तापलेल्या डांबरावर अनवाणी नाचून काय सिद्ध करायचं आहे?

अनवाणी नाचण्याचा सर्वांत मोठा धोका मधुमेह असलेल्यांना असतो. बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने किती ग्रासलं होतं, हे आपण त्यांच्या चरित्रात वाचतो. आज आपल्या वस्त्यांतही घरोघरी साखरेच्या गोळ्या चालू आहेत. मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू कमी होते. चटका बसला, काच घुसली तरी कळत नाही. जखम लवकर भरत नाही आणि वेळ गेली तर बोट किंवा पाय गमावण्याची पाळी येते. घरातल्या काका-मावशींना मधुमेह असेल तर त्यांना मिरवणुकीत जरूर न्या, पण बंद बूट घालून न्या. रात्री घरी आल्यावर त्यांचे तळवे दिव्याखाली तपासून बघा.

बूट कसे असावेत? महागडे नकोत. कॅनव्हासचे किंवा साधे खेळाचे, लेस बांधायचे बूट पुरतात. टाच घट्ट धरलेली असावी, पुढे अंगठ्यासमोर साधारण बोटभर जागा असावी, तळ वाकणारा पण न घसरणारा असावा. बूट दुपारनंतर किंवा संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. सकाळी बरोबर झालेला बूट रात्री चावतो. नवा बूट मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नये, निदान दोन आठवडे सरावात वापरावा. सुती मोजे घालावेत. जुन्या बुटाचा तळ एका अंगाने झिजला असेल तर तो नाचायला घेऊ नये, कारण पाय त्याच अंगाला कलतो. बूट घेणं शक्यच नसेल तर मागून पट्टा असलेले सपाट सँडल घालावेत. पूर्वीच्या मातीच्या रस्त्यावर उडी मारली तर माती थोडी दबायची. आता गल्लोगल्ली काँक्रीट झालं आहे, ते दबत नाही. सगळा दणका गुडघ्यांत आणि कंबरेत येतो.

पांढरी साडी नेसून लेझीम खेळणाऱ्या भगिनींनी साडीचा घोळ घोट्याच्या वर ठेवावा. निऱ्यांत पाय अडकून पडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

एवढं करूनही पाय मुरगळला तर? पहिले दोन-तीन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही, ओढायचं नाही. नाच तिथेच थांबवायचा. कापडात बर्फ गुंडाळून 15 ते 20 मिनिटं ठेवायचा आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा ठेवायचा. बर्फ कातडीला थेट लावायचा नाही. बोटांकडून वरच्या दिशेने इलॅस्टिकची पट्टी बांधायची, पण बोटं बधिर किंवा निळी पडतील इतकी आवळायची नाही. झोपताना पाय उशांवर उंच ठेवायचा. आणि दोन गोष्टी बघायच्या: त्या पायावर चार पावलं टाकता येतात का, आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला किंवा पावलाच्या मधल्या हाडांवर दाबून दुखतं का. चार पावलं टाकता येत नसतील किंवा हाडावर दुखत असेल तर त्याच दिवशी एक्स-रे काढायला न्यायचं. पायाळू माणसाच्या पायात कसलीही शक्ती नसते. तो आईच्या पोटातून पायाकडून जन्मला, एवढंच. ज्या समाजाने 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांच्या मागे बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या समाजाने चीर पडलेल्या हाडाला अशा तोडग्यांच्या हवाली करू नये.

मिरवणुकीची वेळ आणि पाणी यांचाही विचार व्हावा. भर दुपारी नाचण्यापेक्षा उन्हं उतरल्यावर निघावं. तहान लागायची वाट न बघता थोड्या-थोड्या वेळाने पाणी प्यावं. जास्त घाम जात असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी सोबत ठेवावं. मधुमेहवाल्यांनी साखरेच्या पाण्याबाबत आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. नाचता-नाचता कुणी बरळू लागला, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी टाकत, वारा घालत तातडीने दवाखान्यात न्यावं. आणि पाचव्या शीलाची आठवण इथे वेगळी करून द्यायला नको. दारू प्यालेल्या माणसाचा तोल आधी जातो आणि दुखणं उशिरा कळतं. मोडलेल्या पायावर तो आणखी तासभर नाचतो.

तमाशाच्या फडात नाचून आयुष्य काढलेल्या कलावंतिणींची आठवण या निमित्ताने होते. आपल्या महार समाजातली पवळाबाई हिवरगावकरीण, मातंग समाजातल्या विठाबाई नारायणगावकर, अशा कितीतरी बायांनी महाराष्ट्राला नाच दिला. विठाबाईंची ती गोष्ट सर्वांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला ती ऐकताना अंगावर काटा येतो. त्या बाईच्या हिमतीला माझा मुजरा आहे, पण तिच्यावर तशी पाळी आणणाऱ्या व्यवस्थेचं कौतुक मला करता येत नाही. लोकांनी नाच पाहिला, दौलतजादा केला. पायांत जड घुंगरं बांधून रात्र-रात्र लाकडी फळ्यांवर आपटलेल्या त्या गुडघ्यांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नाही. 2002 साली विठाबाई गेल्या, त्याआधीची त्यांची वर्षं हलाखीत गेली.

आपल्या मुली आज नाचतात त्या कुणाच्या दौलतजाद्यासाठी नाही. स्वतःच्या आनंदासाठी, आपल्या मुक्तिदात्याच्या जन्मदिवसासाठी नाचतात. मग त्यांच्या शरीराची किंमत आपण तरी ओळखली पाहिजे. आमच्या गोरेगावचं नाव 2023 साली राज्यभर वर्तमानपत्रांत आलं ते दुःखाच्या कारणाने. कर्ज फिटत नाही म्हणून गावच्या काही शेतकऱ्यांनी आमचे अवयव विकत घ्या, असं थेट मुख्यमंत्र्यांना लिहिलं होतं. ज्यांच्याजवळ सातबारा आहे त्यांच्यावर ही वेळ येते, तर ज्यांच्याजवळ गुंठाभरही जमीन नाही त्यांच्याकडे शरीराशिवाय दुसरं भांडवल कोणतं? मजुराचा घोटा सहा आठवडे बंद, म्हणजे घरातली चूल सहा आठवडे उधारीवर. बुद्धांनी आरोग्याला सर्वांत मोठा लाभ म्हटलं आहे, ते आपल्याइतकं कुणाला पटावं?

म्हणून सर्व जयंती समित्यांना माझी नम्र विनंती आहे. वर्गणीचा मोठा हिस्सा डीजेवर जातो. त्याचा एक तास कमी करा. त्या पैशांत लेझीम पथकातल्या ज्या मुलींना परवडत नाही त्यांच्यासाठी बूट येतील, पाण्याचे जार येतील, बर्फाची पेटी आणि पट्ट्यांचा डबा येईल. मिरवणूक निघण्याआधी त्रिशरण-पंचशील झालं की 10 मिनिटं सर्वांनी मिळून अंग मोकळं करावं. लहान मुलांना त्यात फार मजा येते, आणि मोठी माणसंही लाजत-लाजत सामील होतात, हा आमचा अनुभव आहे.

ती मुलगी पुढे काय करते, असं वाचक विचारतील. प्लास्टर निघाल्यावर दोन महिने तिने घोट्याचे व्यायाम नेटाने केले. आता ती पुन्हा पहाटे धावते. पुढच्या भरतीसाठी तिचं वय अजून बसतं. आमच्या सरावात पहिल्या 15 मिनिटांची शिट्टी तिच्याच गळ्यात असते, आणि जी मुलगी स्लिपर घालून येते तिला ती रांगेत उभी राहू देत नाही. तिची धाकटी बहीणही यंदा पथकात आहे. नाव द्यायला बापच घेऊन आला होता. येताना त्याने बुटांचा जोड सोबत आणला होता, दोन आठवडे आधीच.

जय भीम! नमो बुद्धाय!